अक्षराला पाच रुपये

भांडीबाजारात निवृत्ती तांबटाच्या आणि माझ्या दुकानात
एकच फळी.
ती चार बोटं माझ्या बाजूला सरकलीय
असं माझं म्हणणं,
आणि त्याचं काही म्हणणंच नाही.
म्हणून अकरा वर्षं आम्ही बोलत नाही.

तो भांड्यांवर नावं घालतो.
मी कापूर-उदबत्ती विकतो,
गिऱ्हाईक नसलं की ऐकतो,
आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर
त्याचं बोलणं उतरवून ठेवतो.
पुढच्या पानांवरचं कुणी परत देत नाही,
मागच्या पानांवरचं मी कुणाला देत नाही.

"भांडं जेवढं लहान," तो म्हणतो, टक टक,
"तेवढी अक्षरं मोठी मागतात.
वाटीवर आख्खं खानदान हवं,
पिंपाला नुसतं 'म. शि.' चालतं."

"अक्षराला पाच रुपये सांगितले
की माणूस आधी बायकोचं नाव गाळतो,
मग बापाचं.
'श्री' गाळलेला
अजून पाहायचाय."

"आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव ठळक.
घेणाऱ्याचं, जागा उरली तर."

एकदा कुणी कुणाला दुतोंड्या म्हणालं.
टकटक थांबली.
"गंगेतला दुतोंड्या मारुती बघ.
तोंडं दोन, पण पूर किती चढला
ते गावात खरं सांगणारा तोच.
एका तोंडाची माणसं
दुकानात पाणी शिरलं तरी
'काही नाही, ओसरतंय' म्हणत होती."

श्रावणात पंचवटीतले एक गृहस्थ घंगाळ घेऊन आले.
आईचं. काठाखाली दोघा भावांची नावं.
"धाकट्याचं काढून टाका."
निवृत्तीनं घासलं, पैसे घेतले,
एक शब्द बोलला नाही.
मी वही उघडून बसलो होतो,
पान कोरंच राहिलं.

पंधरा दिवसांनी घंगाळ परत.
"इतकी वर्षं नाव होतं, कुणी वाचलं नाही.
आता जो येतो तो विचारतो,
इथं एवढं चकचकीत काय आहे?"
"चार अक्षरं," निवृत्ती म्हणाला. "वीस रुपये."
त्यांनी नाव परत घालून घेतलं,
पण थोरल्यापेक्षा जरा बारीक, अशा अटीवर.
ते गेल्यावर फळीपलीकडून आलं,
"खोडायला आलेल्याशी आपण भांडू नये.
खोडलेली जागा भांडते."

तो शहाणा आहे असं मला म्हणायचं नाही.
जावयाला शिव्या घालतो,
दुपारी देतो सांगून परवा देतो.
त्याच्या पाणी प्यायच्या तांब्यावर 'सौ. शंकुतला' आहे.
अनुस्वार घसरला,
बाईंनी तांब्या अंगावर फेकला,
तेव्हापासून त्यातूनच पितो.
"दुसऱ्याची चूक लोक गाळून पितात.
आपली तशीच प्यावी,
जरा खारट लागते."

गेल्या बुधवारी मी बाजारातून
मोठा पितळी डबा आणला
आणि पोराच्या हाती पलीकडे धाडला.
काय घालायचं ते सांगितलं नाही.
अकरा वर्षं न बोललेल्या माणसाशी
सुरुवात नावापासून कशी करायची?

दिवेलागणीला डबा आला.
त्रिंबक क्षेमकल्याणी.
इतकं बारीक, की चष्मा शोधावा लागला.

पाटीवर, बँकेत, आधार कार्डावर
मी त्र्यंबक आहे.
त्रिंबक एकटी आई म्हणायची,
पायरीवर उभी राहून, जेवायला हाक मारताना.
तिला जाऊन नऊ वर्षं झाली.
म्हणजे फळीला कान
दोन्हीकडून होते.

डब्यात चिठ्ठी:
आठ अक्षरं, चाळीस रुपये.
अनुस्वार फुकट.

पैसे लगेच पाठवले.
वही उघडली, काही सुचेना.
मग उठून फळी मोजली.
चार बोटं.
बरं, साडेतीन.